‘दुसऱ्या’तला अर्धा र आणि देशाचे एआय धोरण

मंडळी, अमेरिका आणि चीन यांच्यातल्या एआयच्या चढाओढीत नाकेबंदी झाली ती चिपची. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा गणनेच्या वेगाबरोबर दुसराही एक निकष होता: चिप इतर चिपांशी सेकंदाला ६०० गिगाबाइट किंवा त्याहून जास्त वेगाने देवाणघेवाण करते का? चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने ही जोडणी ४०० वर आणून ए८०० बाजारात आणली. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये निकषच बदलला आणि एच१०० या चिपची अशीच संथ जोडणीची आवृत्ती, एच८००, सुद्धा अडकली. डीपसीक या चिनी कंपनीने आपले व्ही३ मॉडेल २,०४८ एच८०० चिपांवर शिकवले. जोडणी संथ, म्हणून गणना आणि देवाणघेवाण एकाच वेळी चालेल अशी रचना त्यांनी केली आणि बरीचशी गणना ८ बिटांवर, म्हणजे कमी अचूक पण हलक्या आकड्यांवर, आणली.

यात आपण कुठे? जानेवारी २०२५ च्या अमेरिकी नियमात भारताला दुसऱ्या गटात टाकून चिपांवर मर्यादा घातली होती. मे महिन्यात तो नियमच मागे घेतला गेला. चार महिन्यांत दार अर्धे लागले आणि उघडले, आणि दोन्ही वेळा आपल्याला कोणी विचारले नाही. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनच्या १०,३७१.९२ कोटींतला सर्वांत मोठा वाटा गणनक्षमतेसाठी आहे. तो हवाच. ७० अब्ज पॅरामीटरचे (मॉडेल शिकते ते आकडे म्हणजे पॅरामीटर) मॉडेल १६ बिटांत नुसते चालवायचे तरी १४० गिगाबाइट स्मृती लागते. एच१०० मध्ये असते ८०. शिकवताना तर दर पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट धरावे लागतात, म्हणजे केवळ मॉडेल मावायलाच चौदा चिपा.

पण चिप भाड्याने मिळते. आपल्या भाषांतला स्वच्छ मजकूर कोणाकडूनही भाड्याने मिळत नाही. माझ्या मते धोरणाचे सर्वांत दुर्लक्षित अंग हेच आहे.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक संकेतप्रणालीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण पहिला २१ बाइटांचा, दुसरा २४ चा. मजकूर साफ करणाऱ्या कित्येक प्रणाली अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतात, आणि उरतो ‘दुसर्या’. मॉडेल तेच शिकते. म्हणून सफाईच्या आधी सगळे अर्धे र एकाच रूपात आणायचे, मगच अदृश्य चिन्हांना हात लावायचा. हा क्रम उलटा झाला की नुकसान भरून काढणे फार अवघड जाते.

गोव्यात आणखी गुंता आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामांसाठी वापर मान्य झाला. लिपी एकच असल्यामुळे भाषा ओळखणारी साधने छोट्या वाक्यांत फसतात आणि कोकणी मजकूर मराठीच्या ढिगात जातो. त्यामुळे वाक्य सुटे न तपासता पूर्ण परिच्छेद तपासावा; ‘आसा’ आणि ‘आहे’, ‘आनी’ आणि ‘आणि’ अशा जोड्या मोजाव्यात. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीचा ढीग पहिल्यापासून वेगळाच ठेवावा.

छपाईसाठी संगणकावर जुळवलेल्या जुन्या (डीटीपी) फाइलींत मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तिथे ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो आणि रफार नंतर. नुसती अक्षरे बदलली तर ही चिन्हे चुकीच्या जागी राहतात. प्रत्येक फॉन्टसाठी तक्ता वेगळा करावा लागतो, आणि हजार शब्द माणसाने वाचून पाहिल्याशिवाय तक्त्यावर विश्वास ठेवू नये. नियतकालिकांचे छापील अंक स्कॅन करायचे तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या (डीपीआय) खाली जाऊ नये; अनुस्वार आणि धूळ यांत मग फरकच राहत नाही.

मजकूर जमला की पहिल्याच दिवशी चाचणीसाठी काही पाने बाजूला काढा. ती तपासलेली, दोन्ही भाषांची आणि तालुक्यातालुक्यांतली असावीत. ती इंटरनेटवर टाकू नका. टाकली की पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत तीच जातात, आणि मग त्या मॉडेलला मिळालेले गुण पाठांतराचे असतात.