चुलीपुढची धाप

नमस्कार मंडळी. आज सीओपीडीबद्दल बोलायचंय, म्हणजे तो जुनाट आजार ज्यात श्वासाच्या नळ्या हळूहळू आकसत जातात आणि पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. नाव ऐकलं की डोळ्यासमोर कोण येतं? बिडी ओढणारे, ओट्यावर बसून खाकरणारे एखादे आजोबा, बरोबर ना? आम्हा डॉक्टर लोकांच्याही डोळ्यासमोर तेच येतात, आणि गडबड तिथंच होते.

2001 साली एक अभ्यास छापून आला होता. अमेरिका आणि कॅनडातल्या 192 डॉक्टरांना एकाच पेशंटची हकिगत कागदावर दिली, सिगरेट, खोकला, दम लागणं सगळं सारखं, फक्त काहींच्या कागदावर पेशंट पुरुष आणि काहींच्या कागदावर बाई. पुरुष असला तर शंभरातल्या 65 जणांनी सीओपीडी ओळखला, बाई असली तर 49 जणांनीच. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून श्वास मोजायच्या तपासणीचा रिपोर्ट हातात दिला तेव्हा कुठं फरक कमी झाला. आणि हे कुठं, तर जिथं 2000 सालापासून सीओपीडीनं पुरुषांपेक्षा बायकाच जास्त दगावतायत त्या अमेरिकेत!

तिकडची बाई निदान सिगरेट ओढत तरी होती. आपल्याकडे ओपीडीत विचारतात, "काकू, बिडी-सिगरेट, काही व्यसन?" काकू पदर सावरत म्हणतात, "अगं बाई, नाही हो!" संपला विषय. दम्याच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, फार तर "वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका". चुलीच्या धुरानंही हाच आजार होतो, पण चूल किती वर्षं पेटवली, हे कुणी विचारतच नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण, खोलीला धुराडं नाही, आणि फुंकणी घेऊन तोंड थेट जाळापाशी, हे सगळं लहानपणी आईशेजारी बसल्यापासून चालू असतं. 2016 पासून उज्ज्वलाचे सिलेंडर आले, चांगलं झालं, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून बऱ्याच घरात चुलीवरच. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही असं म्हणणारे बहुतेक जेवणारे असतात, फुंकणारे नसतात, हे आपलं माझं निरीक्षण.

त्यात बायकांच्या श्वासनलिका मुळातच पुरुषांपेक्षा अरुंद, त्यामुळे रिपोर्ट सारखा असला तरी बाईला धाप जास्त लागते, आणि ती सांगायला लागली की घरचे म्हणतात हिला घाबरायची सवयच आहे.

अजून एक गंमत बघा, गंमत कसली, दम मोजायचे आमचे ठरलेले प्रश्न असतात, चढ चढताना दम लागतो का, बरोबरीच्या माणसांपेक्षा मागं पडता का. आता जी बाई फिरायलाच जात नाही ती काय सांगणार? ती "नाही" म्हणते. पण भाकरी थापताना मध्येच थांबता का, कणीक खाली बसून मळायला लागलात का, पूर्वी पाण्याचा हंडा भरायचात त्याची कळशी कधी झाली, असं विचारलं की मग सगळं बाहेर येतं. तिनं त्रास कमी केलेला नसतो हो, काम बेतून घेतलेलं असतं.

औषधाचं पण तसंच. नवऱ्याला दम लागला तर बायको पंप (तोंडानं औषध ओढायचा इन्हेलर) आणि पाणी हातात नेऊन देते, वेळ चुकू देत नाही. बायकोला लागला तर "पंपाची सवय लागते" म्हणून तो कपाटात, शिवाय महिन्याचा खर्च तिलाच आधी दिसतो. नाही लागत हो सवय, औषध थेट नळीत जातं म्हणून डोस उलट कमी लागतो.

तर घरात आई, सासू, काकू कुणाला महिनोन् महिने खोकला, बेडके, धाप असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की चुलीवर इतकी वर्षं काढलीत, आणि स्पायरोमेट्री करायची का असं विचारा. तिथं नळी ओठात घट्ट धरून जोरात, दम संपेपर्यंत फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत. चारचौघात असं फुंकायला बायका लाजतात, अर्धवट फुंकतात आणि रिपोर्ट बिघडतो, म्हणून आत घरातली एखादी बाई सोबत असू द्या. आदल्या रात्रीपासून पंप घ्यायचा का नाही ते आधी विचारून ठेवा. आणि येताना तो ग्राफचा कागद मागून घ्या, पुढच्या वर्षीच्या कागदाशी ताडून बघायला लागतो.