थॉरलाही न पेललेलं मांजर

(दृश्य: नॉर्वेतलं एक शेत. बर्फ पडतंय. कुंपणाच्या खांबावर एक मांजर बसलंय.)

मांजराच्या पाठीवर पांढरा थर जमलाय, तरी ते जागचं हललेलं नाही. कॅमेरा जरा जवळ नेऊ. बघा, बर्फ केसांच्या टोकांवरच अडकलंय आणि वितळतही नाहीये. वितळायला ऊब लागते, आणि या अंगातली ऊब बाहेर पडत नाही. वरचे केस लांब, राठ आणि तेलकट, पाणी निथळून जाईल असे. त्यांच्या खाली लोकरीसारखी दाट लव, तिच्यात हवा कोंडून राहते. थंडी अडवते ती ही कोंडलेली हवा.

हे नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट. नॉर्वेत याला ‘स्कुगकाट’ म्हणतात. गळ्याभोवती आयाळ, कानांच्या टोकांना केसांचे तुरे, पायाच्या बोटांमधून बाहेर डोकावणारे झुपके आणि जवळजवळ अंगाएवढी लांब शेपूट. झोपताना ही शेपूट नाकावर ओढून घ्यायची, की पांघरूण झालं. मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा थोडे उंच असतात. झाडावरून उतरताना बाकीची मांजरं बहुधा शेपटीच्या बाजूने घसरत येतात. हे मात्र खोडाला वेढे घेत, डोकं खाली करून उतरताना दिसतं.

(दृश्य: उन्हाळा. तेच शेत, तेच मांजर.)

ओळखू येतंय का? वसंतात दिवस मोठा होऊ लागला की आतली लव गळून पडते. आयाळ विरळ होते. शेपटीचा आणि कानांचा थाट तेवढा उरतो.

ही जात कुणी ठरवून घडवलेली नाही. शेतकऱ्याला गोठ्यातले आणि कोठारातले उंदीर मारणारं जनावर हवं होतं, एवढंच. खाणं थोडंफार घरातून, बाकीचं ज्याचं त्याने मिळवायचं. देशाच्या आत, डोव्हरेच्या डोंगरपठारावर, हिवाळा हाडं गोठवणारा. पश्चिम किनाऱ्यावर बर्गेनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. कोरडी थंडी सोसायची आणि ओली थंडीही. ज्या पिल्लाचं अंग लवकर भिजायचं, ते पुढच्या विणीपर्यंत टिकायचं नाही. लांब केसांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. तरीही तो या शेतांवर पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.

मांजर या उत्तरेत आलं कसं? प्राचीन मांजरांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर जर्मनीतल्या राल्सविक या, व्हायकिंग म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या काळातल्या, बंदरात इजिप्तकडच्या वंशाचं मांजर सापडल्याची नोंद आहे. जहाजावर धान्य आणि दोर असणार, म्हणजे उंदीरही असणार. त्यांच्या मागोमाग मांजरं समुद्र ओलांडत गेली. पण त्या काळाचं फार गोड चित्र रंगवू नये. व्हायकिंग लोक मांजराचं कातडंही वापरत. एरिकच्या सागामध्ये, म्हणजे जुन्या आइसलँडी गाथेत, ग्रीनलँडची एक भविष्यवेत्ती येते. तिचे हातमोजे मांजराच्या कातड्याचे आहेत, आतून पांढरे आणि केसाळ.

(दृश्य: धुक्यातली दरी. निवेदकाचा आवाज संथ.)

आता देवांकडे वळू. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देवांच्या कथा लिहून ठेवल्या. त्यात फ्रेया ही प्रेमाची आणि युद्धाचीही देवी. रणात पडलेल्या वीरांपैकी निम्मे तिचे, निम्मे देवांचा राजा ओडिनचे. या फ्रेयाचा रथ दोन मांजरं ओढतात. ओडिनचा मुलगा बाल्डर याच्या अंत्ययात्रेलाही ती याच रथातून येते. त्या मांजरांची नावं स्नोरीने दिलेली नाहीत. हल्ली जी नावं ऐकू येतात ती अगदी अलीकडची आहेत. ती मांजरं याच जातीची होती असंही तो म्हणत नाही. पण रथ ओढणारं मांजर डोळ्यांसमोर आणायचं, तर नॉर्वेच्या माणसाला हेच सुचणार.

मला सगळ्यात आवडते ती थॉरची, म्हणजे प्रचंड ताकदीच्या मेघगर्जनेच्या देवाची, गोष्ट. उटगार्ड या राक्षसांच्या मुलखाच्या राजाने थॉरला आव्हान दिलं: आमच्याकडची पोरं खेळता खेळता हे मांजर उचलतात, तू उचलून दाखव. करड्या रंगाचं, चांगलं थोराड मांजर पुढे आलं. थॉरने पोटाखाली हात घालून जोर लावला. तो जितका वर उचलायला जाई, तितकी मांजराने पाठीची कमान केली. हात पुरता ताणूनही एकच पंजा जमिनीवरून सुटला. नंतर राजानेच गुपित फोडलं: ते मांजर नव्हतंच, सगळ्या पृथ्वीला वेढून बसलेला महासर्प होता, आणि तो एक पंजा सुटला तेव्हा बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली होती. सांगणाऱ्याने मांजर नीट पाहिलेलं असणार. मनाविरुद्ध उचललेलं मांजर अगदी अशीच कमान करतं, आणि मग चारही पाय जमिनीवरून सुटत नाहीत.

आस्ब्योर्नसेन आणि मो या दोघांनी एकोणिसाव्या शतकात नॉर्वेभर लोककथा गोळा केल्या. त्यातली एक डोव्हरेची. हाल्वोरच्या घरी दर नाताळच्या आदल्या रात्री ट्रोल, म्हणजे तिथले राक्षस, मेजवानी झोडायला येत आणि घरच्यांना बाहेर पडावं लागे. एका वर्षी नॉर्वेच्या अगदी उत्तरेतल्या फिनमार्कहून एक माणूस पांढरं अस्वल घेऊन डेन्मार्कच्या राजाकडे निघाला होता. तो तिथे मुक्कामाला राहिला. अस्वल शेगडीखाली झोपलं. ट्रोल आले, खाल्लं, प्याले. एका ट्रोलच्या पोराने गरम सॉसेज काट्याला टोचून अस्वलाच्या नाकाला लावलं. “मनी, सॉसेज खातेस?” अस्वल डरकाळी फोडून उठलं आणि लहानथोर सगळ्या ट्रोलना पळता भुई थोडी झाली. पुढच्या वर्षी रानातून हाक आली, “हाल्वोर, तुझं ते मोठं मांजर आहे का अजून?” हाल्वोर म्हणाला, “आहे की, शेगडीखालीच आहे. आता सात पिल्लंही झालीत, आईपेक्षा मोठी आणि तिच्याहून तापट.” ट्रोल पुन्हा फिरकले नाहीत. गोष्टीत प्राणी अस्वल आहे, हे खरं. तरी अस्वलाला मांजर समजण्याची चूक जिथे पटते, तिथली मांजरं कशी असतील याचा अंदाज येतो.

(दृश्य: ओस्लोतलं मांजरांचं प्रदर्शन.)

विसाव्या शतकात आखूड केसांची मांजरं सगळीकडे पसरली, संकर होऊ लागला आणि मूळ रूप हरवत चाललं. 1938 साली ओस्लोत या जातीसाठी पहिली संस्था निघाली, पण महायुद्ध आलं आणि काम थांबलं. खरी जुळवाजुळव झाली ती 1970 च्या दशकात. 1977 साली युरोपातल्या मांजरसंघटनांच्या महासंघाने जातीला मान्यता दिली आणि पॅन्स ट्रुल्स नावाचा बोका नमुना ठरला. इतरांनी त्याच्याशी ताडून पाहायचं.

पिल्लू घ्यायचं मनात असेल, तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. हे मांजर पूर्ण वाढायला चार-पाच वर्षं घेतं, तेव्हा वर्षभरात आयाळ दिसली नाही म्हणून हिरमुसू नये. काही पिल्लं तर रंगही बदलतात: जन्मतः काळपट, आणि वाढताना जर्दाळूसारखी सोनेरी.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. या जातीत ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, नको तितकी साठण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं, तर बहुतेक पिल्लं जन्मताच किंवा थोड्या वेळात दगावतात. वाहक, म्हणजे एकाच बाजूने सदोष जनुक आलेलं, मांजर मात्र अगदी धडधाकट दिसतं, नुसतं पाहून काही कळत नाही. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला की चाचणीत ते समजतं. वाहकाची जोडी निर्दोष मांजराशी लावली, तर आजारी पिल्लू जन्मत नाही. म्हणून रंग आणि आयाळ नंतर बघा. आधी आई-बापाच्या चाचणीचा कागद मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून पिल्लू घेऊ नका.