अल्पशा आजाराने

[दृश्य: माळ्यावरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सुतळी सोडणारे हात. कॅमेरा निधनवार्तांवरून हळू खाली सरकतो. नावं धूसर.]

एप्रिल २०२१चे, कोविडच्या दुसऱ्या लाटेतले हे अंक रद्दीत जायचे राहून गेले, म्हणून सापडले. एरवी कोपऱ्यात असणाऱ्या निधनवार्ता पानभर पसरल्यात. आणि जवळजवळ प्रत्येकीत तेच दोन शब्द. अल्पशा आजाराने.

हे शब्द मराठीत जुनेच. आजार कोणता, हे घरच्यांना सांगायचं नसलं की कामी येतात. त्या महिन्यात मात्र पुष्कळ घरांना तो खरोखरच सांगता येत नव्हता. तपासणीच झालेली नव्हती.

[दृश्य: अमरधाम, रात्र. मोबाईलवरचं चित्रण. ओळीने पेटलेल्या चिता. मूळ आवाज ठेवावा. २० सेकंद निवेदन नाही.]

अशी दृश्यं तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिली. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत कोंबलेले २२ मृतदेह. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजनच्या टाकीला लागलेली गळती, सगळीकडे पसरलेला तो पांढरा धूर, आणि पुरवठा तुटल्याने त्या दिवशी गेलेले २२ रुग्ण.

रुग्णालयातल्या मरणाला निदान साक्षीदार असतो. केसपेपर असतो, ड्यूटीवरची सिस्टर असते, पुढे चौकशी समिती बसते. घरातल्या मरणापाशी कॅमेरा नव्हता. आमच्याकडेही त्याचं एक फुटेज नाही. जे मागे उरलं, तेच दाखवतो आहोत.

[दृश्य: टेबलावर ऑक्सिमीटर. निवेदकाचं बोट आत जातं. आकडा स्थिरावतो: ९७.]

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. आकडा ९४च्या खाली गेला की दाखल करा, हे तेव्हापासून पाठ झालेलं. दुसऱ्या लाटेत एकच ऑक्सिमीटर गल्लीतल्या चार घरांत फिरायचा. आकडा खाली यायचा. दाखल कुठे करायचं, ते यंत्र सांगत नव्हतं.

मग फोन. बेड मिळवून देणाऱ्या वॉर रूमला, ओळखीच्या नगरसेवकाला, भाच्याच्या मित्राला. पलीकडून पहिला प्रश्न, “स्कोअर किती?” एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी स्कोअर. दुसरा, “सॅच्युरेशन?” म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा. तोवर घरात पेशंटला पालथं झोपवलेलं असायचं, उशा छातीखाली. कोणी रिक्षात गेलं, कोणी गाडीच्या मागच्या सीटवर. दारात पोचेपर्यंत संपलेल्याच्या कागदावर शेरा पडायचा, ‘मृतावस्थेत आणले’. हा माणूस रुग्णालयात गेला की रुग्णालयाबाहेर? दाराच्या उंबऱ्यावर गेला, म्हणा.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. लोखंडी कपाट उघडतं. मृत्यू नोंदवही. दौत नाही, पण शाईच्या पॅडचा डाग पानावर आहे, तो जवळून.]

आता हे कपाट. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोष्ट याच्या आत आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. मृत्यू कुठेही होवो, २१ दिवसांत नोंदवायचा. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. माणूस रुग्णालयात गेला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी गेला तर कुटुंबप्रमुखाची. बहुतेक वेळा कुटुंबप्रमुखच गेलेला असतो, हा भाग वेगळा.

[दृश्य: दोन कोरे नमुने शेजारी शेजारी. बोट एकावरून दुसऱ्यावर.]

मृत्यूचं कारण मात्र डॉक्टरने लिहायचं असतं, आणि त्यासाठी कागद दोन. रुग्णालयात गेलेल्यासाठी नमुना ४. बाहेर गेलेल्यासाठी नमुना ४-अ. रकाने जवळपास सारखेच. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. सगळ्यात खालची ओळ महत्त्वाची, कारण आकडेवारीत जातं ते मूळ कारण. कोविडच्या बाबतीत वर न्यूमोनिया आणि खाली कोविड, असं लिहायला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२०मध्येच सांगितलं होतं. चाचणी पॉझिटिव्ह असेल तर एक सांकेतिक क्रमांक, नुसता संशय असेल तर दुसरा. म्हणजे संशयितालाही जागा ठेवलेली होती.

नमुन्यावर एक सूचना छापलेली आहे, ती वाचून पाहा. आजार लिहा, मरण्याची रीत लिहू नका. ‘हृदय बंद पडणे’ वगैरे नको. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. तरीही घरच्या मृत्यूंच्या कागदांवर आम्हाला सर्वांत जास्त दिसलं ते हेच. हृदयक्रिया बंद पडून. डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले, त्याने हे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचं, असं कायदा म्हणतो. पण उपचार केलेच नसतील तर? त्या दिवसांत कित्येक दवाखाने बंद होते, आणि जे उघडे होते त्यांना चाचणीशिवाय ‘कोविड’ लिहायची भीती होती. बऱ्याच घरांत ४-अ भरलाच गेला नाही. स्मशानाची पावती आणि शेजाऱ्यांच्या सह्या, त्यावर दाखला निघाला.

[दृश्य: नोंदवहीची पानं उलटत जातात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. ‘मृत्यूचे ठिकाण’ हा रकाना: घर, घर, घर. पानं उलटण्याचा आवाज मोठा.]

देशाची हीच वही चाळली तर? २०१९मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी ३४.५ टक्के लोकांना शेवटच्या क्षणी कसलीही वैद्यकीय मदत नव्हती. २०२०मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं. महामारीच्या वर्षात रुग्णालयातल्या मृत्यूंचा वाटा ३२ वरून २८ टक्क्यांवर घसरला. रुग्णालयं भरून वाहत होती, आणि माणसं मात्र आधीपेक्षा जास्त बाहेर मरत होती. ज्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलं, असे मृत्यू त्या वर्षी शंभरात साडेबावीस.

मोजणी हुकल्याचं सरकारी कागदांतही दिसतं. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी मोजायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यांतले ८६२ मुंबईचे. २०२१मध्ये देशात १ कोटी २ लाखांवर मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी ८१ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन वर्षांतले जादा मृत्यू, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्त झालेले, ४७ लाखांच्या घरात धरले, केंद्र सरकारने ते अमान्य केले. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्याकडे ही एक वही आहे.

[दृश्य: घर. दुपार. भिंतीवर फोटो, हार सुकलेला. एक ताई खिडकीशी सीटी स्कॅनची फिल्म धरून उभ्या. प्रकाश फिल्ममधून येतो. चेहरा दिसत नाही.]

या ताईंचे यजमान घरीच गेले. स्वॅब द्यायला रांगेत उभं राहण्याइतकी ताकद त्यांना नव्हती. स्कॅन तेवढा झाला, शेजारच्या मुलाने मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं म्हणून.

३ सप्टेंबर २०२१ला केंद्राने कोविड मृत्यूची व्याख्या केली. चाचणीनंतर ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा, मग घरी का होईना. नमुना ४ किंवा ४-अ वर कोविड लिहिलेलं असेल तर तोही. चाचणी नसेल, तर रुग्णालयात दाखल असताना डॉक्टरांनी केलेलं निदान चालेल.

दाखल असताना. ज्याला बेड मिळाला नाही, त्याने बेडवर असल्याचा पुरावा आणायचा.

[दृश्य: ताई फिल्म उतरवतात. पाच सेकंद फक्त खिडकी.]

तक्रारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या होत्या. ५० हजारांचं सानुग्रह साहाय्य होतं, त्यासाठी अर्ज आले, काही मंजूर झाले, काही फिरले. ताईंचा फिरला.

[दृश्य: हात फिल्म घडी न पाडता पिशवीत सरकवतात. पिशवी कपाटात, साड्यांच्या खाली.]

पिशवी त्यांनी टाकलेली नाही. तिच्यावर निळ्या पेनाने स्कोअर लिहिलाय. १६, तिरकी रेघ, २५.

[पडदा काळा. कपाटाचं दार लागल्याचा आवाज.]