आश्विनातलं कामाचं ऊन

आश्विन महिन्यावर बोला म्हटलं की वक्ते कोजागिरीचं चांदणं आणि दसऱ्याचं सोनं घेऊन उभे राहतात. माझा विषय त्यामानाने घरगुती आहे. गोधड्या, पोहे, भाजणी आणि थोडी सीताफळं. सणाचा दिवस मला नकोच आहे. दोन सणांच्या मधला, कसलंच महत्त्व नसलेला एखादा मंगळवार घ्या. पोरांची सहामाही चालू आहे, दुपारी पंखा पुरत नाही, आणि घरातल्या बाईच्या डोक्यात एकच घोकणी चालली आहे : ऊन आहे तोवर उरकून घ्यायला हवं.

हे ऊन तापदायक असतं, मान्य. हवामान खात्याने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस राजस्थानातून 17 सप्टेंबरच्या सुमाराला माघारी फिरतो आणि मुंबईचा निरोप 8 ऑक्टोबरच्या आसपास घेतो. ढग जातात, पण जमीन ओली असते, वारा पडलेला असतो. सुरुवातीचे दिवस नुसती घामाची चिकचिक. पावसाळ्यात साठलेलं पित्तही याच दिवसांत उसळतं, असं आयुर्वेद सांगतो. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असं एक जुनं सुभाषित आहे. सुभाषितकार बहुधा वैद्याचं बिल भरून आलेला असावा! पण हळूहळू हवा कोरडी होते आणि चार महिने दमटलेलं घर वाळवायला हक्काचा मजूर मिळतो. तोही बिनपगारी.

त्याच्या येण्याजाण्याची वाट मात्र माहीत हवी. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भरदुपारी आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीला त्या दिवसांत, ढग नसते तरी, दुपारचं ऊन मिळालंच नसतं. 23 सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला उतरतो. ऑक्टोबर संपता संपता पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 57-58 अंशांवर असतो, आणि ऊन गॅलरीचा उंबरा ओलांडून थेट खोलीत येऊन बसतं. जुन्या बायकांना हे अंश कोणी शिकवले नव्हते. पण आज डाळीचं ताट कुठल्या फरशीवर ठेवायचं आणि दोन वाजता ते कुठे सरकवायचं, हे त्यांना बरोबर कळायचं.

आता गोधड्या. घटस्थापनेच्या आधी गावोगाव ‘दसरा काढतात’, म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते सगळं धुऊन काढतात. भांडी, डबे, चादरी झाल्या की शेवटी गोधड्या आणि वाकळा. ट्रॉली भरून धुणं ओढ्यावर न्यायचं. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ भिजली की एका माणसाला उचलत नाही. ती पायांनी तुडवावी लागते आणि पिळायला दोघी लागतात, एकेका टोकाला एकेक. म्हणून हे काम कोणी एकटीने करत नाही. जावा-जावांची अबोल्याची गाठ ओढ्यावर सुटते, कारण दुसरं टोक धर, एवढं तरी म्हणावंच लागतं. मग खडकांवर, झुडपांवर त्या रंगीत वाकळा पसरायच्या आणि भाकरी सोडायची. याचं फार गोड चित्र मी रंगवणार नाही. कंबर मोडणारं काम आहे, आणि पुरुष त्यात ट्रॅक्टर चालवण्यापुरतेच असतात. पण संध्याकाळी कडकडीत वाळलेल्या वाकळेत तोंड खुपसलं की उन्हाचा जो वास येतो, तो कुठल्याही सुगंधी पावडरीत नाही.

पोह्यांचं तंत्र वेगळं. दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे आधी दोनेक तास उन्हात ठेवले, तर पुढे मंद आचेवर भाजताना आक्रसत नाहीत. शहाणी आई सहामाहीवाल्या पोराला पुस्तक देऊन पोह्यांच्या राखणीला बसवते. चिमण्या येतात, कावळा येतो. इतिहासाचं एक पान होतं, दोन मुठी पोहे होतात. चकलीच्या भाजणीला मात्र ऊन नको. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, साधारण चाराला दोनाला एक, धुऊन कापडावर पसरायची ती घरातच, सावलीत. आणि भाजायची प्रत्येक जिन्नस वेगळी. घाईत सगळं एका कढईत लोटणाऱ्यांच्या चकल्या मी खाल्ल्या आहेत. अधिक बोलत नाही.

याच दिवसांत सासवडच्या बाजूने सीताफळं येतात. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधली फट फिकट पिवळसर झाली, की ते काढणीला आलं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं आणि पिकत नाही. तांदळाच्या डब्यात नाहीतर गवतात दोन-तीन दिवस राहू द्या. आणि खायला बसाल तेव्हा फोन लांब ठेवा, कारण दोन्ही हात बरबटणार आणि तोंड बियांच्या हिशोबात गुंतणार.

हादग्याच्या संध्याकाळी मुली खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखतात. वाजेल असं काही करायचंच नाही, हे आयांचं धोरण. म्हणून सांजा! आणि त्याच वेळी गच्चीवर पोह्यांचं कापड गोळा करायला गेलात तर डोक्यावर शेकडो चतुर घिरट्या घालताना दिसतील. त्यांतली भटकी जात मोसमी वाऱ्यांसोबत भारतातून मालदीवमार्गे समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जात असावी, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं. आपण कापडाच्या घड्या घालतोय आणि वर हा तळहातात मावणारा प्रवासी महासागर ओलांडायच्या तयारीत!

पण गच्चीवर जाणार कसे? आज निम्म्या सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी ऑफिसात, आणि ऊन अकरा ते तीन. वर टाक्या, अँटेना आणि फुटक्या कुंड्या उन्हं खात बसलेल्या. हा मजूर रोज दारात येतो आणि आपण त्याला जिन्यावरून परत पाठवतो. मग कपाटात डांबरगोळ्या टाकतो आणि कपडे वाळवायचं यंत्र हप्त्यावर आणतो.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय : आमची गॅलरी उत्तरेला आहे, गाद्यांचं काय करू? ताई, उत्तरेच्या भिंतीवर आता मार्चमधल्या विषुवदिनापर्यंत थेट ऊन पडणार नाही, तिथे वाट बघू नका. सोसायटीच्या पुढच्या सभेत आश्विनातले दोन रविवार गच्ची सकाळी दहा ते चार उघडी राहील, एवढा ठराव मांडा. अनुमोदनाला चौथ्या मजल्यावरच्या, दक्षिणेला गॅलरी असलेल्या बाई उभ्या राहणार नाहीत. त्यांच्या समोरच्या दाराची बेल वाजवा.