तारांनी बांधलेलं विमान

(दृश्य : काळी पार्श्वभूमी. मॉडेल समोरून. कॅमेरा सावकाश जवळ.)

समोरून नीट बघा. वरचा पंख अगदी सरळ आहे. खालचा मात्र दोन्ही टोकांकडे वर उचललेला. त्यामुळे धडाजवळ दोन पंखांमधलं अंतर जास्त, आणि टोकाकडे जावं तसं ते कमी होत जातं. ही ठेवण सॉपविथ कॅमलची. हे ब्रिटिश लढाऊ विमान १९१७ मध्ये आघाडीवर आलं. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २८ फूट. हे मॉडेल १/४८ प्रमाणातलं, म्हणून इथं तेच पंख जेमतेम १८ सेंटिमीटर भरतात.

आता प्रकाश थोडा बाजूला सरकवू.

(दृश्य : बाजूचा दिवा लागतो. तारा एकेक करून चमकतात.)

आतापर्यंत रिकामी वाटत होती ती जागा रिकामी नाही. दोन पंखांच्या मध्ये केसाएवढ्या तारा आहेत, आणि आपण जे बघणार आहोत ते त्या तारांचं काम.

बहुतेक द्विपंखी मॉडेलं तारांशिवायच कपाटात जाऊन बसतात. किटच्या, म्हणजे सुट्या भागांच्या डब्यातल्या, सूचनापत्रकात शेवटच्या पानावर तारांचं एक लहानसं चित्र असतं. दोरा मात्र बहुतेक वेळा डब्यात नसतो. मग रंग होतो, खुणा चिकटतात, आणि तारांचं पुढं बघू म्हणून मॉडेल बाजूला ठेवलं जातं. रंग कितीही देखणा असला तरी असं मॉडेल अपुरंच. कारण या विमानात तारा म्हणजे वरून चढवलेली सजावट नव्हे. तारा हीच त्याची बांधणी.

(दृश्य : चिमट्याचं टोक एका तारेवरून वर सरकतं.)

ही तार खालच्या पंखाच्या मुळाशी सुरू होते आणि तिरकी वर, दोन पंखांना जोडणाऱ्या बाहेरच्या खांबाच्या माथ्यापर्यंत जाते. हवेत असताना पंख वर उचलले जाऊ पाहतात. त्यांना खाली धडाशी धरून ठेवते ती ही तार. इंग्रजीत तिला फ्लाइंग वायर म्हणतात. कॅमलवर ती दुहेरी आहे, शेजारी शेजारी दोन. एक तुटली तरी दुसरी धरेल, हा त्यामागचा विचार.

आणि ही तिला छेद देणारी. वरच्या पंखाच्या मध्यापासून निघून बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी येणारी. ही लँडिंग वायर. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा पंखांचं वजन खाली लोंबतं, ते ही तोलते. पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये तारांची आणखी एक फुली दिसते. तिच्यामुळे पंख पिळवटत नाही. खांब दाब सोसतात, तारा ओढ सोसतात. लाकूड, कापड आणि थोडंसं पोलाद एवढ्यावर ते विमान उडालं ते याच वाटणीमुळे.

(दृश्य : जुन्या छायाचित्रांची मालिका. वाळूच्या टेकड्या, ग्लायडर, राइट बंधूंचं विमान.)

ही कल्पना विमानांच्या आधीची आहे. ऑक्टेव्ह शनूट हे रेल्वे आणि पूल बांधणारे अभियंते. पुलांच्या बांधणीत प्रॅट ट्रस नावाची रचना त्यांच्या रोजच्या सरावातली : उभे खांब दाब घेतात, तिरके गज ओढ घेतात. १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांच्या चमूनं द्विपंखी ग्लायडर उडवलं, त्यात हीच रचना होती. लाकडी खांब, आणि तिरक्या गजांच्या जागी तारा. राइट बंधूंनी ती उचलली. १९०३ मध्ये किटी हॉकला उडालेल्या त्यांच्या विमानात पुढचे खांब आणि त्यांच्यामधल्या तारा बघा, पूल ओळखू येईल. पुढं ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीनं सपाट, कडेला निमुळती, हवा कापत जाणारी पोलादी तार तयार केली. कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नावच रॅफवायर पडलं. जर्मन कारखान्यांनी मात्र पिळाची गोल तार आणि ताण कमी-जास्त करायला टर्नबकल, हीच पद्धत ठेवली. म्हणून ब्रिटिश मॉडेलवर ठसठशीत टर्नबकल दिसली की जाणकाराच्या डोळ्यांना ती खुपतात, आणि ते खुपणं रास्त आहे.

(दृश्य : कामाचं टेबल. पंख उलटा ठेवलेला. पिन व्हाइस फिरतंय.)

कॉकपिट आत बसवून झालंय, धडाचे दोन भाग जोडून झालेत. आता भोकं. ड्रिल ०.३ मिलिमीटरचं. ते पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या पकडीत, धरून बोटांनीच फिरवायचं. यंत्र लावलं की प्लॅस्टिक वितळतं आणि टोक घसरतं. आधी टाचणीनं खूण, मग ड्रिल. वरच्या पंखात भोक आरपार जाऊ द्यायचं नाही, अर्ध्या जाडीवर थांबायचं. खालच्या पंखात मात्र ते आरपार हवं. का, ते लवकरच दिसेल. भोकाचा कोन तारेच्या दिशेनं तिरका ठेवायचा. सरळ भोकातून निघालेली तार तोंडाशी वाकते, आणि तो वाक मग कुठल्याही रंगानं झाकला जात नाही.

हे सगळं रंगाच्या आधी. पंख एकमेकांवर चढल्यावर ड्रिलला जागाच उरत नाही.

(दृश्य : एअरब्रश. वरच्या बाजूला तपकिरी-हिरवा रंग चढतो.)

रंगाला इथं थोडा वेळ देऊ, कारण वादही इथंच जास्त होतात. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पीसी १० नावाचा लेप असे. पिवळी गेरूसारखी माती आणि काजळी, असं त्याचं मिश्रण. कुणी त्याला ऑलिव्ह हिरवा म्हणतं, कुणी चॉकलेटी. लेप कशात कालवला आणि उन्हात किती दिवस राहिला, यावर छटा बदलत असे. तेव्हा एकच बाटली खरी आणि बाकीच्या खोट्या, असं भांडायला जागा नाही. खालची बाजू निराळी. तिथं कापडावर बिनरंगी लेप, म्हणून तागाच्या कापडाची उबदार मळकट पिवळसर छटा दिसते.

(दृश्य : पंखाची खालची बाजू, अगदी जवळून. पट्ट्या सोलल्या जातात.)

हे बघा. फासळ्यांच्या रेषांवर अरुंद चिकटपट्ट्या लावल्या, मधल्या जागेत किंचित गडद, भरपूर पातळ केलेला रंग मारला, आणि आता पट्ट्या सोलल्या. फासळी कापडाखाली आहे हे आता डोळ्यांना कळतं. एवढंच पुरे. पुष्कळ किटांमध्ये फासळ्यांच्या मध्ये कापड खोल झोळल्यासारखं कोरलेलं असतं. ते चूक आहे. सेल्युलोजचा लेप वाळताना आकसतो, आणि कापड ताणून बसावं म्हणूनच तो दिला जाई. असा पंख समोर आला तर बारीक पॉलिश कागद घ्या आणि उंचवटे उतरवा. रंग देण्याआधीचा हा अर्धा तास वाया जात नाही.

खुणा, म्हणजे डिकॅल, तारांच्या आधीच लावायच्या. खाली चकचकीत व्हार्निश हवं, नाहीतर डिकॅलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग उमटतात. सुकाणूवर निळा, पांढरा, लाल. निळा पुढं, बिजागरीच्या बाजूला.

(दृश्य : वरचा पंख उलटा. त्यातून डझनावारी दोरे बाहेर आलेले, टोकं चिकटपट्टीनं दाबलेली.)

आणि ही या कामातली सर्वांत घाबरवणारी पायरी. वरच्या पंखातल्या प्रत्येक अर्ध्या भोकात दोऱ्याचं एक टोक सुपरग्लूनं बसवलंय. दुसरी टोकं मोकळी. हा दोरा म्हणजे तंगूस, मासेमारीच्या गळाचा, मिळेल तेवढा बारीक. ०.१ मिलिमीटर जाडीचा तंगूस १/४८ प्रमाणात पाच मिलिमीटरच्या आसपासची तार दाखवतो. १/७२ वर तोच दोरा जाडजूड दिसेल, तिथं ०.०६ च्या आसपास उतरावं लागतं.

(दृश्य : चौकटीत उभं मॉडेल. वरचा पंख खांबांवर उतरतो.)

पंख बसवताना घाई नाही. चौकटीत धड पक्कं धरलंय, पंखाची उंची ठोकळ्यांवर तोललीय. खांब एकेक करून आपापल्या खाचेत बसतात. डिंक पूर्ण वाळेपर्यंत तारांना हातही लावायचा नाही.

मग आतून बाहेर. आधी कॉकपिटसमोरची फुली, कारण नंतर तिथं चिमटा शिरत नाही. दोरा खालच्या पंखाच्या आरपार भोकातून ओवून खाली काढला, त्याच्या टोकाला कपड्याचा चिमटा लटकवला. त्याच्या वजनानं तार ताठ होते. भोकाशी सुपरग्लूचा एक बारीक थेंब, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. आता दुसऱ्या बाजूची तीच तार. डावी, उजवी, डावी, उजवी. एका बाजूच्या सगळ्या तारा आधी ओढल्या तर पंख तिकडं पिळवटतो. खऱ्या विमानाच्या बाबतीत रिगर नावाच्या कारागिराला हीच काळजी घ्यावी लागे.

(दृश्य : ब्लेड. खाली उरलेला दोरा कापला जातो. रंगाचा ठिपका.)

खालचं शेपूट कापलं, भोक भरलं, त्या जागी रंगाचा ठिपका. तार कुठून शिरली, शोधून सापडत नाही.

दुसरी वाट ताणल्या जाणाऱ्या लायक्रा दोऱ्याची. धक्का लागला तर तो वाकतो आणि परत जागेवर येतो. पंखाला ओढही देत नाही. नवख्यानं हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. तिसरी वाट जुनी, आणि मला फार आवडणारी.

(दृश्य : मेणबत्ती. प्लॅस्टिकची काडी ताणली जाते.)

किटमधले सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यातली एक काडी मेणबत्तीवर मऊ करायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. हवी तेवढी बारीक तार हातात येते. ती मापानं कापून पांढऱ्या डिंकानं चिकटवायची. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी झोळलेली दिसली, तर उदबत्तीचं जळतं टोक जवळ न्यायचं, स्पर्श न करता. बघा.

(दृश्य : तार डोळ्यांदेखत ताठ होते. तीन सेकंद शांतता.)

तारांचा रंग पोलादी राखाडी, मंद. चकचकीत चांदी नको.

शेवटचा हात तेलाचा. कॅमलचं इंजिन रोटरी. त्याचा दांडा विमानाला घट्ट बसवलेला, आणि नळकांडी प्रॉपेलरबरोबर गरगर फिरत. वंगण एरंडेलाचं, आणि ते इंजिनात परत न जाता बाहेर फेकलं जाई. म्हणून धडाच्या पोटाखाली आणि इंजिनाच्या आवरणामागं तपकिरी ओघळ. तैलरंग पातळ करून मागच्या दिशेला ओढलेत, आवरणाजवळ दाट आणि शेपटीकडं विरळ.

याच विमानानं कितीतरी शिकाऊ वैमानिकांचे जीवही घेतले. आणि तारांचा हवेला होणारा अडथळाच पुढं द्विपंखी विमानांना मागं सारणारा ठरला.

काम करताना खिडकी उघडी ठेवा. सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते आणि बंद जागेत रंगावर पांढरा थर चढवते.

(दृश्य : शेजारी शेजारी तीन मॉडेलं. फॉकर, अल्बाट्रॉस, कॅमल.)

सुरुवात कुठून करावी? डावीकडच्या फॉकर डी-७ पासून. त्याचे पंख आतल्या तुळयांवरच तोललेले आहेत, पंखांमध्ये तारा नाहीत. चाकांच्या खांबांमधली फुली आणि सुकाणूकडं जाणाऱ्या थोड्या तारा, एवढंच. हे विमान इतकं गाजलं की १९१८ च्या युद्धबंदीच्या अटींत ते नाव घेऊन मागितलं होतं. त्यानंतर मधलं अल्बाट्रॉस : बाजूला एकच इंग्रजी व्ही आकाराचा खांब, थोड्या तारा, आणि प्लायवूडचं धड, ज्यावर तैलरंगानं लाकडाच्या रेषा उमटवता येतात. या दोघांवर हात बसला की कॅमलचा डबा उघडा, आणि शेवटच्या पानावरचं ते लहानसं चित्र सगळ्यात आधी वाचा.