एकाच कणसावर सगळा डाव

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

नागपुरात कापसाची केंद्रीय संस्था आहे, संत्र्या-मोसंबीची आहे, मातीच्या सर्वेक्षणाची आहे. मक्याची मात्र लुधियान्यात. त्यामुळे इथे मक्यावर कुणी बोलणार म्हटलं की लोकांना आधी पावसातला फुटाळा तलाव आणि लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा आठवतो. तेवढ्यासाठी का होईना, आलात! तसा देशातला बराचसा मका कोंबड्यांच्याच पोटात जातो, हल्ली इथेनॉलकडेही वळलाय. म्हणजे सावजीत बसून तुम्ही वाटीभर रस्सा ओरपता तेव्हा मकाच खात असता, फक्त कोंबडीमार्फत.

पत्रिकेत विषय छापलाय ‘ताण सोसणारा मका’. ताण म्हणजे दुष्काळ, कडक ऊन, साचलेलं पाणी. तिकडे येतोच. पण त्याआधी एक भांडण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की समोरच्या रांगेतले दोघे आत्ताच हसायला लागलेत.

भांडण असं, की मक्याचा पूर्वज कोण? मक्यासारखं कणीस रानात कुठेच सापडत नाही. मेक्सिकोत टिओसिंटे नावाचं एक गवत आहे. भरपूर फुटवे, फांदीफांदीवर बोटभर कणसं, प्रत्येकात जेमतेम पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. जॉर्ज बीडल हा तरुण संशोधक म्हणाला, हाच पूर्वज. हार्वर्डचे पॉल मँगल्सडॉर्फ म्हणाले, छे, खरा रानटी मका केव्हाच नामशेष झाला. शिवाय असले दगड माणूस खाईल कशाला आणि पेरेल कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. बीडलने काय केलं, तर टिओसिंटेचे दाणे तापवले. त्यांच्या लाह्या झाल्या! 1939 साली त्याने हे छापलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग तो बुरशीच्या जनुकांकडे वळला, 1958 चं नोबेल मिळवलं, शिकागो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. आपल्याकडे कुलगुरू निवृत्त झाला की सत्कार समित्यांवर जातो. हा गृहस्थ पुन्हा मक्याच्या शेतात गेला. मका आणि टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे 50,000 झाडं लावून घेतली आणि मोजणी केली. साधारण पाचशेत एक झाड हुबेहूब मक्यासारखं, एक हुबेहूब टिओसिंटेसारखं. आता आनुवंशिकतेचा, म्हणजे मेंडेलचा हिशेब करा: दर जनुकामागे चारात एक. चार जनुकांचा फरक असता तर 256 त एक यायला हवं, पाचांचा असता तर 1024 त एक. म्हणजे गवत आणि कणीस यांच्यातलं मोठं अंतर चार-पाच मुख्य जनुकांचं! पुढे डीएनएनेही बीडलच्याच बाजूने कौल दिला: सुमारे 9,000 वर्षांपूर्वी, नैऋत्य मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात.

त्यातलं एक जनुक टीबी-1. ते फांद्या फुटण्याला आवर घालतं. मक्यात ते जास्त जोरात चालतं, कारण त्याच्या शेजारी एक उडी मारणारं, म्हणजे जागा बदलणारं जनुक येऊन बसलंय. अशी उडती जनुकं मक्यातच बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी शोधली होती. त्यांचं नोबेल 1983 चं. त्यांच्यावर बोलायला मला एक वेगळी संध्याकाळ द्या.

आता माझा मुद्दा. टिओसिंटेची कणसं अनेक आणि फुलोरा मागेपुढे, त्यामुळे एक कोरडा आठवडा गेला तर थोडं बुडतं. आपण फांद्या आवरल्या आणि सगळं एका खोडावर, एका कणसावर आणून ठेवलं. ताणाची निम्मी कहाणी तिथेच लिहिली गेली असं मला वाटतं. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा; केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. पराग देणारा तुरा झाडाच्या शेंड्यावर असतो, तो पाणी कमी असलं तरी वेळेवर येतो. केस मात्र पाण्यावरच वाढतात, ताण पडला की अडतात. तुऱ्याचे पराग आठवडाभर झडून संपतात आणि केस नंतर बाहेर येतात. वऱ्हाड परतल्यावर नवरी मांडवात यावी तसं. त्यातही कणसाच्या टोकाकडचे केस सगळ्यात उशिरा, म्हणून कणसाचं टोक बोडकं राहतं. पीक हिरवंगार, कणीस दातपडकं. मग शेतकरी दुकानदाराच्या अंगावर जातो, ‘बियाणंच बोगस दिलं बे!’ अशा पंचनाम्यांना मी गेलोय. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस कधी पडला होता, हा प्रश्न त्या छापील अर्जात नसतोच. त्या अर्जाबद्दल मी एकदा लेखी…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळतो.

सिमिट या मेक्सिकोतल्या संस्थेने 1970 च्या दशकात नेमकं फुलोऱ्यात पाणी तोडून निवड सुरू केली. तुरा आणि केस यांच्यातलं अंतर कमी असलेली झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, आणि दुष्काळातलं उत्पादन वाढलं. आजच्या संकरित वाणांत तुरा लहान आणि हे अंतर कमी, ते उगाच नाही. जिवाणूचं जनुक घातलेला दुष्काळी मका अमेरिकेत 2011 मध्ये मंजूर झाला. फायदा आहे, पण माफक; एका जनुकाने दुष्काळ हटत नाही.

उष्णता: कडक उन्हात पराग मरतात. उन्हाळी मका लावणार असाल तर फुलोरा आपल्या मे महिन्यात सापडणार नाही अशी पेरणीची तारीख धरा.

आणि आपली काळी जमीन! इथे तहानेइतकाच घात साचलेलं पाणी करतं. मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पिवळं पडतं. निकाराग्वातला एक टिओसिंटे पाणथळ जागी वाढतो, त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या आधीपासूनच असतात. तो गुण संकराने मक्यात आणण्याचं काम जपानमध्ये झालंय. ज्याला आपण घरातून काढलं, त्याच्याच दारात उभे आहोत. आपल्या शेतात तसं वाण येईपर्यंत वरंब्यावर पेरा आणि निचऱ्याचे चर पेरणीआधी काढा, पाणी साचल्यावर नाही.

प्रश्न दोनच घेता येतील म्हणतात. तुम्ही विचारा, काका. पण माईक जरा जवळ धरा.