जबड्याच्या हाडात भर घालताना

श्रोतेहो, नमस्कार. दात काढल्यावर हिरडी काही आठवड्यांत मिटते, पण आतलं हाड झिजतच राहतं. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. साधारण 4 मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटभोवती, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेल्या खुंट्याभोवती, चहूबाजूंनी निदान दीड मिलिमीटर हाड हवं. ते नसेल तर भर घालावी लागते.

भर कशाची घालायची? पेशंटच्या स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सगळ्यात लवकर रुजतं. पण ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून काढावं लागतं. म्हणजे दुसरी जखम आली, शिवाय हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते. आणि हे हाड विरघळतंही लवकर. दुसऱ्या माणसाने दान केलेलं हाड टिश्यू बँकेतून, म्हणजे दान केलेले अवयवांचे भाग साठवणाऱ्या केंद्रातून मिळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अशी बँक आहे. तिथे हाड गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

गायी-बैलांच्या हाडातली प्रथिनं काढून केलेले दाणे पाव ते एक मिलिमीटरचे असतात. ते वर्षानुवर्षं विरघळत नाहीत, म्हणून आकार टिकतो. त्या दाण्यांवर झाकायचा कोलॅजेन या प्रथिनाचा पडदा अनेकदा डुकरापासून केलेला असतो. हे दोन्ही पेशंटला आधी सांगून त्याची संमती घ्यायलाच हवी. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा कृत्रिम पदार्थ बहुधा 6 ते 18 महिन्यांत विरघळतं. दात काढल्यावर उरलेल्या खाचेच्या हाडाच्या चारही भिंती शाबूत असतील, तर ते चालतं. बाहेरची भिंतच गेली असेल तर आकार खचतो. अशा ठिकाणी स्वतःच्या हाडाचा कीस आणि गायीच्या हाडाचे दाणे निम्मे-निम्मे मिसळणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं.

पण काम फसतं ते बहुतेकदा भरण्यात. खाच खरवडून रक्त येऊ द्यावं. दाणे त्या रक्तात भिजले की ओल्या रव्यासारखे एकमेकांना धरतात. ते ठासून भरले तर मधून रक्तवाहिन्या शिरत नाहीत. हिरडी ताणून शिवली तर टाके उसवतात, पडदा उघडा पडतो. तंबाखूने रक्तपुरवठा घटतो. वरून कवळी दाबत राहिली तर दाणे हलतात आणि हाडाऐवजी नुसता तंतुमय मांसल भाग तयार होतो.

इम्प्लांटसाठी 4 ते 6 महिने थांबावं, सायनसखाली, म्हणजे वरच्या दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीखाली, भर घातली असेल तर 6 ते 9. पहिल्या आठवड्यात एखाद-दुसरा दाणा तोंडात आला तर घाबरू नका. पांढरा पडदा दिसला किंवा पू आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.